तीन रविवार, चार बदाम

आमच्या जॉयचा उजवा गुडघा सतत हलत असतो. जेवताना हलतो, न्हाव्याच्या खुर्चीत हलतो, चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले तरी हलतो. लहानपणी मी तो दाबून धरायचे, तर डावा सुरू व्हायचा. मी जन्मभर नर्सचं काम केलं. कोल्हारात मला अजून सगळे दीना सिस्टरच म्हणतात. तापाने बडबडणारे, पिऊन धिंगाणा घालणारे, सगळे मी कॉटवर गप्प निजवले, पण हा सख्खा भाचा काही मला आवरला नाही. दादा-वहिनी लवकर गेले, पोर माझ्याकडे वाढलं, आणि आज पस्तिशीला आलं तरी माझ्याच घरात राहून माझंच डोकं खातं.

त्याने काय काय केलं हे सांगायला बसले तर चहा गार होईल. पेरूच्या रोपांची नर्सरी काढली, मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्नाला साउंड लावायचा धंदा केला. सगळ्याची पद्धत एकच. हातात काही नसताना आधी बोलून मोकळं व्हायचं. बाभळेश्वरच्या एका लग्नाची सुपारी घेतली तेव्हा याच्याकडे एक स्पीकरसुद्धा नव्हता. मी घाबरून अर्धमेली झाले. हा मात्र शिट्ट्या वाजवत फिरत होता, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी कुठूनसा टेम्पो भरून स्पीकर घेऊन आला. लग्नात असा काही वाजवला की लोक अजून नाव काढतात. अशी चारदोन वेळा नशिबाने साथ दिली आणि पोरगं बिघडलं.

जिथे साथ दिली नाही, ते सगळ्या गावाला दिसतं. मनमाड रोडला दादाच्या जमिनीचा एक तुकडा आहे. तिथे गाड्या धुवायचं सेंटर काढायचं म्हणून याने शेड उभारायला घेतली. लोखंडी खांब उभे राहिले, पाटीही रंगवून झाली, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं ते ठरलं, आणि पत्रे काही चढले नाहीत. खांबांवर वेल चढले. एसटीचे कंडक्टरसुद्धा आता म्हणतात, "जॉयच्या खांबापाशी उतरायचंय का?"

फोनवर पैसे लावून पत्ते खेळायचं वेडही त्याला लागलं होतं. ते खेळ कायद्याने बंद झाले तेव्हा मी देवाचे आभार मानले. पण गुडघा बंद होईना. मग त्याने तोच खेळ माझ्या ओसरीवर आणला. पैसे नाहीत, चिंचोके. रविवारी जेवणं झाली की आम्ही चौघं बसायला लागलो. मी, जॉय, वेल्डिंगवाला अब्दुल आणि शुगर फॅक्टरीतून निवृत्त झालेले आसाराम. खेळाचं नाव पोकर. आमच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोने नाक मुरडलं, पण चिंचोक्यांचा हिशेब देव मागत नाही असं मी त्यांना सांगून टाकलं.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, झाकलेली. मध्ये पाच पानं उघडायची, ती सगळ्यांची. पण एकदम नाही. आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. प्रत्येक वेळी चिंचोके वाढवायचे, नाहीतर पॅक व्हायचं, म्हणजे पानं टाकून उठायचं. हातातली आणि मधली मिळून पाच बदाम जमले तर भारी, चार जमले तर शून्य, त्यापेक्षा सारख्या पानांची साधी जोडी बरी. आणि आमच्या जॉयचा जीव त्या चार बदामांवर.

"आत्या, तू थांबून बसतीस, तितंच चुकतीस," तो मला शिकवायचा. "नऊ जन असले तर कुनाकडं तरी भारी पान निघतंच. तवा गप बसावं. आपन हाय चौघं. चौघांत बहुतेक येळा कुनाकडंच काय नसतंय. मग चार बदाम हातात आले की वाट कशाला बघायची? मारायचा जोर. समोरचा घाबरून उठला तर तितंच जिंकलो. न्हाई उठला, तर पाचवा बदाम अजून यायचा हायच की."

आणि खरंच, आसाराम जॉयच्या पहिल्या फटक्यालाच उठायचे. मी दुसऱ्याला. अब्दुल कधी टिकायचा, कधी चिडून पानं आपटायचा. "सिस्टर, ह्यो पोरगा खेळत न्हाई, अंगावर येतोय," म्हणायचा. संध्याकाळी चिंचोक्यांचा ढीग बहुतेक जॉयसमोर असायचा. मला त्याचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं, हे कबूल करते. घरात कुणीतरी जिंकत होतं ना.

आता स्टेलाचं सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला सॅम्युएल राहतात, निवृत्त मास्तर. त्यांची ही धाकटी मुलगी. राजूरला शाळेत शिकवते, तिकडेच खोली घेऊन राहते, पंधरा दिवसांनी घरी येते. जॉयचं आणि तिचं जमायचं हे सगळ्यांना दिसत होतं. ती आली की हा उगाच त्यांच्या दारावरून गाडी काढायचा. पण स्टेला घाईने बोलणारी नाही. नाताळात त्याने तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझी दहावीची मुलं परीक्षेला बसू देत. मे महिन्यात सांगते. आणि तोवर त्या खांबांवर पत्रे चढव." पत्र्यांचं जॉयला चेष्टेचं वाटलं. मला नाही वाटलं. कायम अर्ध्यावर सोडणाऱ्या माणसाच्या हाती आपला जन्म द्यायचा की नाही, हे ती पोर बघत होती, आणि तिचं बरोबरच होतं.

जानेवारीत तिच्यासाठी नगरहून एक स्थळ आलं. मुलगा बँकेत. जॉयला ते कळलं आणि त्याचा गुडघा असा हलायला लागला की जेवताना ताटातली आमटी सांडायची.

आमच्या मंडळीत लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत त्याची सूचना वाचतात. अमुक आणि अमुक यांचा विवाह व्हायचा आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी, ही पहिली वेळ. मग दुसरी, मग तिसरी. तीनदा वाचून कुणी काही बोललं नाही की लग्नाला मोकळे. त्यानंतरच्या एका रविवारी मी पुढून दुसऱ्या बाकावर बसले होते. पाळकांनी कागद काढला आणि वाचलं, जॉय आणि स्टेला. ही पहिली वेळ.

माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. आधी मला रागच आला, की ठरवलं आणि मला सांगितलं नाही! मग बायका येऊन हात हातात घ्यायला लागल्या आणि मी विरघळले. घरी जाऊन शिऱ्याला रवा भाजायला घेतला. स्टेला राजूरलाच होती, म्हणून तिचा चेहरा कुणाला दिसला नाही.

शिरा कढईतच होता तेव्हा तिचा फोन आला. "मावशी, मला सकाळपासून अभिनंदनाचे फोन येताहेत. मी कधी हो म्हणाले?"

मी गॅस बंद केला. जॉय ओसरीवर एकटाच पत्ते पिसत बसला होता. मी विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. पाळकांना सांगितलं होतं की सॅम्युएल काका तयार आहेत. काकांना सांगितलं होतं की स्टेला तयार आहे, तुमी फक्त पाळकांपुढं मान हलवा. काकांना आनंद झाला, त्यांनी मान हलवली.

"आत्या, ती न्हाई म्हनलीच न्हाई."

"हो तरी कुठे म्हणाली?"

"तेच तर. चार बदाम हायत. पाचवा यायचाय. अजून दोन रविवार हायत."

मी त्याच्या हातातले पत्ते हिसकून अंगणात भिरकावले. "गाढवा, पत्त्यांत समोरच्याला उठून जाता येतं. ती कुठे उठून जाणार? मंडळीत दोघांची नावं वाचून झाल्यावर ती नाही म्हणाली, तर उद्या लोक तिच्याच नावाने बोटं मोडणार. तू जोर लावला नाहीस, तू तिची वाट अडवलीस. पत्त्यांत याला डाव म्हणत असतील, घरात याला खोटं म्हणतात."

तो अंगणातल्या पत्त्यांकडे बघत बसला. गुडघा मात्र चालूच. मी चपला घातल्या. पाळकांकडे जाऊन सगळं थांबवायचंच ठरवलं होतं, पण आधी स्टेलाला फोन केला. ती म्हणाली, "नको मावशी. आत्ता तुम्ही थांबवलंत तर लोक म्हणतील, स्टेलाने शब्द फिरवला. मी पुढच्या शनिवारी येतेय. माझं मला बघू द्या. तुम्ही कुणाला काही बोलू नका, पप्पांनाही नाही."

मला गप्प बसायची सवय नाही. तो आठवडा मला आजारपणासारखा गेला. रस्त्यात कुणी लग्नाचं विचारलं की मी दम्याची उबळ आल्यासारखं करायचे. जॉय दिवसभर फोन लावायचा, स्टेला उचलायची नाही. तो गाडी काढायचा, प्रवरेच्या पुलापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा गाडी काढायचा. एकदा राजूरला जायला निघालाही. मी गाडीची चावी काढून पिठाच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या रविवारी स्टेला आली आणि माझ्याच बाकावर, माझ्या शेजारी बसली. निळी साडी, केस घट्ट बांधलेले. पाळकांनी वाचलं. ही दुसरी वेळ. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. ती समोर बघत होती. हरकत घेतली नाही, हसलीही नाही. पुढचं गीत सुरू झालं तसं गायला लागली, तेही सुरात.

जॉयचा चेहरा असा उजळला की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याला वाटलं, उठली! जिंकलो! बाहेर लिंबाच्या झाडाखाली तो तिच्याजवळ गेला. काय बोलायचं ठरवून गेला होता देव जाणे, त्याआधीच ती म्हणाली, "दुपारी तुमचे पत्ते असतात ना? मी येते."

आली. आसाराम कुणाच्या साखरपुड्याला गेले होते, त्यांच्या जागी बसली. नियम मीच समजावले. पहिले काही डाव ती पानं टाकत राहिली. जॉय फुलत चालला. मग एका डावात मध्ये तीन पानं उघडली, त्यात दोन बदाम होते. जॉयचा गुडघा थांबला. मला त्याची ही खूण माहीत आहे. फक्त चार बदाम जमले की त्याचा गुडघा थांबतो. त्याने मूठभर चिंचोके पुढे लोटले. मी उठले, अब्दुलही उठला. स्टेलाने शांतपणे तेवढेच चिंचोके मोजून ठेवले.

चौथं पान आलं, किल्वर. जॉयने दोन मुठी लोटल्या. स्टेलाने दोन मुठी ठेवल्या. पाचवं पान चौकट. बदाम आलाच नव्हता. जॉयकडे आता काहीच नव्हतं, आणि हे मला, अब्दुलला, भिंतीवरच्या पालीलाही कळत होतं. जॉयने आपला सगळा ढीग दोन्ही हातांनी मध्ये सरकवला आणि तिच्याकडे बघून हसला.

"उठ की आता," तो म्हणाला.

स्टेलाने आपले सगळे चिंचोके मध्ये ठेवले आणि पानं उलटली. एक अठ्ठी, एक चौकी. मध्ये एक अठ्ठी होती. अठ्ठ्यांची जोडी, बस्स. एवढ्याशा जोडीवर आमच्यापैकी कुणी बसलं नसतं. जॉयच्या हातात बदामचेच राजा आणि पंजी. मातीमोल.

अब्दुल एकदम "वा!" म्हणाला आणि माझ्याकडे बघून गप्प झाला.

"मी उठेन असं तुला वाटलं," स्टेला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पुढच्या रविवारी तिसऱ्यांदा वाचतील. मी येणार. हरकत विचारली की मी उभी राहणार. काय बोलणार ते आज सांगत नाही. मला आठवडाभर लोकांचे फोन घ्यायला लावलेस ना? आता तू आठवडाभर थांब."

ती गेली. जॉय ते पाचवं पान हातात धरून बसला. नंतर दिवेलागणीला मला म्हणाला, "आत्या, ती काय बोलंल?" मी म्हटलं, "पान झाकलेलं आहे." मला त्याची कीव आली होती, पण मी ती दाखवली नाही. दाखवली असती तर तो पुन्हा लहान झाला असता.

त्या आठवड्यात त्याने गाडी काढली नाही. पायी खांबांपर्यंत जायचा, तिथे उभा राहायचा, वेल ओढून काढायचा, परत यायचा. खायचा नाही. एकदा बुधवारी की गुरुवारी अचानक म्हणाला, "मी तिला भ्यालोय, आत्या." मी म्हटलं, "तिला नाही, तिच्या नकाराला." तो म्हणाला, "तेच की." शनिवारी मात्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मीच पॅक झालो तर?"

मी पोळी लाटत होते. "तर पानं उलटी करून सगळ्यांना दाखवावी लागतील. गुपचूप टाकता येणार नाहीत. मंडळीसमोर टाकावी लागतील, कारण लावलीस मंडळीसमोर."

"लई लाज वाटंल."

"तिला दोन आठवडे वाटतेय."

तिसऱ्या रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. स्टेला पुन्हा माझ्याजवळ. पाळकांनी कागद उघडला. नावं वाचली. कोणाची हरकत असल्यास, असं म्हणून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. स्टेलाने बाकाची कड धरली, उठायला.

"माजी हरकत हाय."

पुरुषांच्या बाजूने आवाज आला. जॉय उभा होता. पाळकांना वाटलं चेष्टा चाललीय, ते हसले. पण जॉयचा चेहरा पाहून त्यांचं हसू गेलं.

"मी खोटं बोललो, पाळकसाहेब. तुमाला बी आन सॅम्युएल काकांना बी. ह्ये वाचायच्या आदी स्टेलाला कुनी विचारलंच न्हाई. ती व्हय म्हनली नव्हती. तिनं शब्द दिला नव्हता, तवा तिनं मोडलाय असं कुनी म्हनू नये. चूक माजी एकट्याची हाय." एवढं बोलून तो खाली बसला नाही. कुठे बसावं ते त्याला कळेना. सॅम्युएल त्याच्या बाकावरून उठून दुसरीकडे जाऊन बसले. सगळं चर्च कुजबुजत होतं आणि हा मधोमध उभा. मी रडत होते, लाजेने की अभिमानाने ते मला आजही धड सांगता येणार नाही.

उपासना सुटली. कुणी त्याला सलाम केला नाही. सॅम्युएल जवळून जाताना फक्त एवढंच म्हणाले, "माझ्या मुलीचं नाव पत्त्यावानी पिसलंस, जॉय." तो मान खाली घालून लिंबाखाली उभा राहिला. स्टेला त्याच्यासमोर जाऊन थांबली. मी तिच्यामागे होतेच. मला बोलावलं नव्हतं, पण मी असल्या वेळी बोलावण्याची वाट बघत नाही.

"मी आज हरकत घेणार होते," ती म्हणाली. "आणि त्यानंतर तुझ्याशी जन्मात बोलणार नव्हते. तू घेतलीस. आता काय विचारायचं असेल ते मला विचार. पाळकांना नाही, पप्पांना नाही. मला."

जॉयच्या तोंडून शब्द फुटेना. माझा जॉय, ज्याने स्पीकर नसताना लग्नाची सुपारी घेतली! शेवटी कसंबसं म्हणाला, "माज्याशी लगीन करशील?"

"मे महिन्यात सांगते. तोवर फोन करू नकोस. मला वाटलं तर मी करेन."

"नगरचं स्थळ?"

"ते माझं मी बघेन."

"बरं," जॉय म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने नुसतं 'बरं' म्हटलेलं मी ऐकलं.

पुढचे महिने सोपे गेले असं मी म्हणणार नाही. गावाने त्याला चघळला. तो चिडायचा, मोबाईल उशाशी घेऊन पडायचा, घंटी वाजली की ताडकन उठायचा आणि बहुतेक वेळा पलीकडून कर्जाची जाहिरात असायची. स्टेलाचा फोन एकदाच आला, ईस्टरला, आणि तोही मला. पण खांबांवर काम सुरू झालं. अब्दुलने पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या वेल्ड करून दिल्या. जॉय भर उन्हात वर चढून पत्रे कसायचा. अर्धे पत्रे चढले तसा लगेच म्हणाला, "आत्या, उद्घाटनाची तारीख धरू का?" मी नुसतं पाहिलं. तो मुकाट्याने परत शिडी चढला.

मे महिन्यात एका दुपारी स्टेला राजूरच्या एसटीने आली. गावात न येता आधी खांबापाशी उतरली. मला हे अब्दुलने सांगितलं, तो तिथेच दाराची कडी वेल्ड करत होता. शेडमध्ये आली, वर पाहिलं, सावलीत पिशवी ठेवून बराच वेळ उभी राहिली. जॉय पाण्याची टाकी बसवत होता. दोघं काय बोलली ते अब्दुलला मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग ती सरळ माझ्या घरी आली, माठातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, पाळकसाहेबांकडे आम्ही दोघं जातोय. पप्पांशी मी बोलते. तुम्हाला आधी सांगितलं."

जूनमधल्या रविवारी पाळकांनी पुन्हा कागद काढला. स्टेला माझ्या शेजारी होती. समोर पुरुषांच्या बाजूला जॉय, आणि त्याच्याजवळ सॅम्युएल, अजून थोडे ताठच. पाळकांनी दोघांची नावं वाचली. कोणाची हरकत असल्यास कळवावी, असं म्हणून ते थांबले आणि सगळी मंडळी, बायका, बाप्ये, म्हातारेकोतारे, वळून जॉयकडे पाहायला लागली.

जॉय दोन्ही हातांनी बाक धरून छताकडे बघत बसला होता. त्याचा गुडघा असा हलत होता की बाक वाजत होतं. सॅम्युएलनी न बघताच आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला.

"ही पहिली वेळ," पाळक म्हणाले.

तोवर डावा गुडघा हलायला लागला होता.